डोक्यावर बसू नका, डोकावून जा!

काम मोजणाऱ्या जमातीशी माझं पिढीजात वैर आहे. काळाचौकीच्या माणसाला ते शोभतंच. इथल्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी साच्यामागे स्टॉपवॉच घेऊन साहेब उभा राही. आता मला सांगा, पाठीशी घड्याळ टिकटिकत असताना कुणाचा हात नेहमीसारखा चालेल? कागदावर उतरायचा तो बिचकलेला कामगार!

गिरण्या गेल्या, टॉवर आले, कामगारांची नातवंडं कॉम्प्युटरपुढे बसली; साहेब मात्र तोच. प्रोग्रॅम मंद चालतोय ना? मग म्हणे प्रत्येक फंक्शनच्या दारात हवालदार बसवा. आत जाताना वेळ लिही, बाहेर येताना वेळ लिही. लाखो वेळा ये-जा करणाऱ्या चिमुकल्या फंक्शनचं काम चिमूटभर, नोंद पसाभर. प्रोग्रॅम आणखी रखडतो आणि ठपका त्या चिमुकल्यावर! याला तपास म्हणायचं की पोलिसी खाक्या?

गंमत म्हणजे यावरचा उतारा सुताच्या धंद्यातच सापडला होता. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने तो १९३५ साली छापूनसुद्धा टाकला. खात्यातून अवचित फेरी मारा, त्या क्षणी कोणता साचा चालू, कोणता बंद एवढंच टिपा आणि चालू लागा. हजार नोंदींत दोनशे वेळा 'बंद' आलं, तर वीसेक टक्के वेळ फुकट गेला. बस्स!

आजचा सॅम्पलिंग प्रोफायलर हेच करतो. सेकंदाला, समजा, ९९ वेळा डोकावतो, कोणतं फंक्शन कुणाच्या हाकेवरून राबतंय ते बघतो आणि निघतो. चालत्या प्रोग्रॅमला त्याचा फारसा भार होत नाही. ९९ च का? हा बाटाच्या चपलांचा भाव नव्हे! शंभराच्या ठेक्यावर चालणारं एखादं काम असेल, तर त्याच ठेक्यात डोकावणारा फसतो. रोज नेमक्या चहाच्या वेळी फेरी मारणाऱ्या साहेबाला अख्खी गिरणी चहाच पिताना दिसणार!

क्वचित घडणारं यातून निसटतं, हे मान्य. तिथे खुशाल हवालदार बसवा, पण त्या एकाच दारात.

मोजणीने कामच अडत असेल तर ती मोजणी नव्हे, अडवणूक आहे. दर पंधरा मिनिटांचा हिशेब तक्त्यात मागणाऱ्या तमाम साहेबांना माझा एकच सवाल आहे : त्या तक्त्यात 'तक्ता भरणे' हा रकाना का नसतो हो?