मॅच तिकडे, जीव इकडे

सोमवारी सकाळी ऑफिसात डोळे चोळत येणारी मंडळी दोन प्रकारची असतात. एक, ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे. दुसरी, ज्यांची टीम रात्री दीड वाजता माद्रिद नाहीतर मिलानला खेळत होती. पहिल्यांना सगळे चहा पाजतात. दुसऱ्यांना फक्त एक प्रश्न मिळतो, 'तुला त्याचे कोण पैसे देतं रे?'

होम मॅच असली तर एक वेळ ठीक. स्टेडियम आपलं, आरडाओरडा आपला, टीव्हीवर बघतानाही जरा आधार वाटतो. खरा लोचा अवे मॅचचा. परक्या मैदानावर आपले अकरा जण, त्यांच्याभोवती परक्यांच्या आरोळ्या आणि आपण शेकडो किलोमीटर लांब, हातात मोबाइल धरून. करता काहीच येत नाही, पण सोडवतही नाही.

आमच्या एका दोस्ताचंच बघा. मूळचा आंबेगाव तालुक्यातला, नोकरी हिंजवडीत आणि जीव एफसी पुणे सिटीत. 2014 साली आयएसएल सुरू झाली तेव्हापासून हा बालेवाडीला नारिंगी जर्सी घालून हजर. तीन सीझन टीमने काही दिवे लावले नाहीत. चौथ्यात, म्हणजे 2017-18 मध्ये, चौथ्या नंबरवर येऊन पुणे पहिल्यांदा सेमीफायनलला पोचलं. समोर टेबलात टॉपला असलेलं बेंगळुरू. 7 मार्च 2018 ला बालेवाडीत पहिली मॅच 0-0. म्हणजे सगळा फैसला 11 मार्चला, बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर. आणि नेमका त्याच रविवारी गावाकडे घरचा साखरपुडा!

गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिथे रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. लाइव्ह बघणं वगैरे विसराच. साहेब झब्ब्याच्या आत जर्सी घालून पाण्याच्या टाकीवर चढले आणि मिनिटामिनिटाला एक ओळ देणारी कॉमेंट्री वाचत बसले. पंधराव्या मिनिटाला सुनील छेत्रीचा गोल. टेन्शन. हाफ टाइम झाला, खाली जेवणाच्या पंगती उठल्या, हा टाकीवरच. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी, पुन्हा छेत्री. 2-0.

एवढ्यात खालून चुलत्यांनी हाक मारली, ''आरं, पाव्हणं इचारत्यात, कुठं हाय नवरदेवाचा भाऊ? काय चाललंय वर?''

''तात्या, मॅच आहे. आपण हरतोय.''

''आपण म्हंजी कोण?''

''पुणं.''

''मंग आपल्याकडचं कोण खेळतंय त्यात?''

आता काय सांगणार? ब्राझीलचा मार्सेलिन्हो, उरुग्वेचा अल्फारो, हिमाचलचा विशाल कैथ, केरळचा आशिक कुरुनियन...

''म्हंजी वळखीचं कुणीच न्हाई. मंग येवढा जीव कशापायी टाकतो?''

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला जोनातन लुकाची फ्री किक थेट जाळ्यात. 2-1! आणखी एक गोल, फक्त एक, की पुणं पुन्हा जिवंत. आणि तेवढ्यात रेंज गेली. स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र. बॉस, ज्याने हे चक्र बघितलंय त्यालाच ते कळेल. पाच मिनिटं त्याने मान हलवली नाही, कारण लुकाने गोल मारला तेव्हा मान याच कोनात होती. मग एकदम तीन-चार ओळी येऊन पडल्या. एकोणनव्वदावं मिनिट. छेत्री. हॅटट्रिक. 3-1. संपलं.

आता तात्यांचा प्रश्न. एवढा जीव कशापायी? गंमत म्हणजे मान वाकडी ठेवून बसलेल्या प्रत्येक फॅनला आतून पक्कं ठाऊक असतं की आपल्या मानेचा आणि गोलचा काही संबंध नाही. मोबाइलवरचं लाइव्हसुद्धा खरं लाइव्ह नसतं. स्ट्रीमिंग कितीतरी सेकंद मागे असतं, म्हणून तर शेजारचा आधी ओरडतो आणि आपला गोल मग होतो. आपण ज्या पेनल्टीसाठी देव पाण्यात ठेवतो, ती तिकडे केव्हाच मारून झालेली असते.

या खेळातले वर्ल्ड चॅम्पियन मात्र कुठल्या पबमध्ये बसत नाहीत. ते शेजारच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला सापडतात. जीएमआरटी, म्हणजे डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, पैकी 14 खोडदला जवळजवळ आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या शेतशिवारात लांबवर पसरलेल्या. आत जायचं तर मोबाइल बंद. का, तर तिथे आकाशातलं इतकं बारीक ऐकायचं असतं की आपल्या मोबाइलची कुजबुजही त्यात आरडाओरडा ठरते.

19 ऑक्टोबर 2016 ला या मंडळींच्या वाट्याला एक सॉलिड अवे मॅच आली. युरोपच्या अवकाश संस्थेचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरणार होतं. ते उतरताना जो क्षीण सिग्नल सोडणार होतं, तो पृथ्वीवरून थेट पकडायची जबाबदारी खोडदची. मंगळ तेव्हा साधारण साडेसतरा कोटी किलोमीटर लांब. सिग्नल इथे पोचायला 9 मिनिटं 47 सेकंद. आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा खेळ जेमतेम सहा मिनिटांचा.

हिशेब लक्षात आला का? खोडदला पहिली शिट्टी ऐकू आली, तेव्हा मंगळावर मॅच संपलेली होती. निकाल लागलेला. तरी कुणी उठलं नाही. सिग्नलची रेघ पडद्यावर सरकत होती आणि खोडदपासून जर्मनीतल्या कंट्रोल रूमपर्यंत सगळे तिच्याकडे डोळे लावून होते. उतरायला मिनिटभर असेल नसेल, तेवढ्यात सिग्नल बंद झाला. यानातल्या उपकरणाची आकडेमोड चुकली होती. आपण जमिनीच्याही खाली पोचलोय असा यानाचा समज झाला, त्याने पॅराशूट लवकर सोडून दिलं, रॉकेट फक्त तीन सेकंद चाललं आणि साधारण पावणेचार किलोमीटर उंचीवरून ते खाली कोसळलं.

खोडदला ते वाचवता आलं असतं का? नाही. पण यान कुठपर्यंत नीट गेलं होतं, हे कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं म्हणून त्याच रात्री कळलं. पुढे मूळ यानाने नोंदवलेल्या माहितीवरून चूकही सापडली. निकाल बदलणं ऐकणाऱ्याच्या हातात नसतं. शेवटपर्यंत लाइनवर राहणं तेवढं असतं. ज्या माणसांना आपण ओळखतही नाही, त्यांच्या शेवटच्या मिनिटापर्यंत आपण जागे असतो. टाकीवरची मानही त्यासाठीच वाकडी होती.

आणि खरं सांगू, हे तात्यांना न कळण्यासारखं नव्हतंच. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा म्हणजे काय चीज आहे, हे तिकडच्या कुणालाही विचारा. घाट, बारी, भंडारा, स्पीकरवरून घुमणारा निवेदक. पण बैलांच्या छळाच्या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाने मे 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आणली. 2017 मध्ये राज्याने कायदा करून वाट काढली, तर हायकोर्टाने तीही अडवली. म्हणजे त्या साखरपुड्याच्या दिवशी तात्यांच्या गोठ्यात शर्यतीची जोडी होती आणि चौथं वर्ष शर्यतच नव्हती. तरी रोज खुराक चालू. लोक म्हणायचे, विकून टाका. तात्यांचं उत्तर ठरलेलं, ''शर्यत बंद हाय म्हून बैल इकायचा व्हय?''

डिसेंबर 2021 मध्ये कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. छळ होऊ नये यासाठीच्या नियमांसकट घाट पुन्हा गजबजले. तात्यांची मॅच परत आली.

आमच्या दोस्ताची नाही आली. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडली आणि आयएसएलमधली तिची जागा हैदराबादने घेतली. त्याच हैदराबादने मार्च 2022 मध्ये कपही जिंकला! तुमची खुर्ची काढून दुसऱ्याला द्यावी आणि तीन वर्षांत त्याला प्रमोशन मिळावं, तसं झालं हे. पुण्यात ही पहिली वेळही नव्हती. त्याआधी 2007 मध्ये सुरू झालेली पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये चक्क दुसरी आली होती. 2015 मध्ये तिचाही गाशा गुंडाळला गेला.

त्यामुळे मंडळी, अवे मॅचच्या टेन्शनबद्दल कुरकुरू नका. आपण हरतोय असं म्हणायला 'आपण' शिल्लक असावं लागतं. माद्रिदसाठी जागा, खुशाल जागा. पण एखाद्या रविवारी उठून पुण्यातल्या लोकल लीगची मॅचही बघून या. तिकडच्या पोरांना कुणीतरी ऐकतंय हे कळलं तर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढेल.

आणि लग्नाच्या हॉलमध्ये, गच्चीवर, एसटी स्टँडच्या कोपऱ्यात कुणी मान वाकडी करून मोबाइलमध्ये बुडालेला दिसला, तर त्याला लगेच स्कोअर विचारू नका. कितवं मिनिट चाललंय, एवढंच विचारा आणि शेजारी उभे राहा.