हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. हौस भागवताना माणूस खर्चाचा हिशेब करीत नाही, हा त्याचा रूढ अर्थ. हौशी छायाचित्रकारांच्या बाबतीत मात्र हा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते. हौशी माणूस कॅमेऱ्याचे, भिंगाचे, प्रवासाचे मोल आनंदाने देतो. पण ज्या गोष्टीचे छायाचित्र तो घेतो तिचे मोल कोणी चुकवले, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. निसर्ग, जुन्या वास्तू आणि घरातली कुत्री-मांजरे हे या हौसेचे तीन लाडके विषय. त्यांपैकी पहिल्या दोहोंविषयी ‘सौंदर्य’ हा शब्द एकदा उच्चारला, की पुढचे सारे प्रश्न अरसिकपणाचे ठरतात. हा अरसिकपणा आम्ही येथे करू इच्छितो.

उजनीचा जलाशय घेऊ. पुणे-सोलापूर महामार्गालगत, भिगवणच्या परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरे. तेथून जवळच, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर आहे. एरवी ते पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की वर येते, आणि कॅमेरे पुन्हा येतात. एकाच पाण्याच्या काठी ‘निसर्ग’ही आहे आणि ‘पुरातन’ही. हौशी छायाचित्रकाराला याहून सोयीचे ठिकाण मिळणे कठीण.

वास्तविक पाहता, हे दोन्ही विषय एकाच घटनेने निर्माण केले आहेत. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. रोहितांना मानवणारी ही विस्तीर्ण उथळ दलदल त्यामागोमाग आली. त्याआधी येथे नदीकाठची गावे आणि पिकती जमीन होती. ज्या चिखलात मान उलटी करून रोहित अन्न गाळतो, तो चिखल एके काळी कोणाच्या तरी नावावर होता, त्याचा सातबारा होता. पळसदेव गावही उठले आणि महामार्गाच्या बाजूला नव्याने वसले. मागे राहिले ते मंदिर. असे असताना थव्याच्या छायाचित्राला ‘अस्पर्श निसर्ग’ आणि मंदिराच्या छायाचित्राला ‘काळाच्या पाऊलखुणा’ असे नाव देणे, हे आमच्या मते निव्वळ भाबडेपणाचे लक्षण नाही. त्यात असत्य आहे. त्या निसर्गाला माणसाचा पुरेपूर स्पर्श झालेला आहे, आणि त्या पाऊलखुणा काळाच्या नसून पाटबंधारे खात्याच्या आहेत.

मंदिर दिसते केव्हा, हेही पाहण्यासारखे आहे. उजनीची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे पातळीत’ असे मथळे येतात. पाणी असे खोल जाते तेव्हा मंदिर उघडे पडते. म्हणजे मावळतीच्या तांबूस उजेडातले ते शिखर हे टंचाईचेही छायाचित्र असते. पण ‘टंचाई’ हा शब्द त्याखाली लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. ‘निःशब्द’, ‘एकांत’, ‘गतवैभव’ हे शब्द मात्र उदंड.

येथे कोणी म्हणेल, की चांगल्या छायाचित्राला शब्दांची गरजच काय? ‘बोलके छायाचित्र’ हा तर आपल्याकडचा ठरलेला शेरा. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. छायाचित्र बोलत नाही. पाहणारा त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो. पाण्यातले मंदिर पाहून एकाला वैराग्य आठवेल, दुसऱ्याला प्राचीन संस्कृती. तेथून उठलेल्याच्या घराचा उंबरा मात्र कोणालाच आठवणार नाही, कारण तो चौकटीत नाही. जे चौकटीत नाही ते सांगण्यासाठीच मजकूर असतो.

शिवाय, या छायाचित्रांखाली मजकूर नसतो असेही नाही. भिंगाची लांबी, छिद्रमान, आयएसओ, शटरचा वेग हे सारे निष्ठेने नोंदवलेले असते. पक्ष्याचे शास्त्रीय नाव असते. नसते ते नाव वल्हवणाऱ्याचे नाव. कुंभारगाव, डिकसळ या भागांतले मच्छीमार पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेतात. थवा कोणत्या वेळी कोठे उतरतो, किती अंतरावर थांबायचे, हे ज्ञान त्यांचे. गुलाबी पंख उघडलेले हवेत म्हणून होडी आणखी पुढे घ्यायला लावणारा, आणि चरणारा थवा उठवणारा, हा बहुधा पाहुणाच असतो. छायाचित्राचे श्रेय यंत्राला आणि यंत्रधारकाला, होडीवाला चौकटीबाहेर.

या मंडळींना नीट मजकूर लिहिता येत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. आपल्या कुत्र्याच्या छायाचित्राखाली हेच लोक काय लिहितात ते पाहावे. त्याचे नाव, वय, कोणत्या पावसात तो घरी आला, कोणाच्या चपला त्याने खाल्ल्या, दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून तो कोणत्या पलंगाखाली बसतो, सारे असते. स्वतःच्या कुत्र्याच्या छायाचित्राला ‘एकांत’ असे नाव कोणी देत नाही, कारण तो कोण आहे हे त्यांना ठाऊक असते. जिव्हाळा असला की तपशील आपोआप येतो. अमूर्त शीर्षक तेथेच लागते जेथे जाणून घेण्याची इच्छा नसते.

मुंबईत या हौसेचा आरंभ असा नव्हता. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी संबंधित होते. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे नियतकालिक काढले. हौशी माणसाचा उल्लेख त्याच्या नावातच आहे, आणि त्यातील छायाचित्रांसोबत वर्णनपर मजकूर छापला जाई. त्या मजकुराचे आम्हांला कौतुक करायचे नाही. त्यात माणसे जातीने आणि धंद्याने ओळखली जात, नावाने नव्हे. राज्यकर्त्याने प्रजेची वर्गवारी लावावी तशी ती नजर होती. पण पाहिलेल्याविषयी काही सांगण्याची जबाबदारी त्यांना वाटत होती. आज दुरून पाहण्याची ती सवय आपण ठेवली आणि लिहिण्याचे कष्ट सोडून दिले.

‘हौसेवर एवढे ओझे कशाला? आम्ही काही संशोधक नाही,’ हा शेवटचा बचाव. यातले पहिले वाक्य आम्हांला मान्य नाही आणि दुसरे अप्रस्तुत वाटते. पळसनाथाचे विटांचे शिखर दर वर्षी भिजते आणि ज्या वर्षी पाणी आटते त्या वर्षी वाळते. त्याची झीज कशी होत गेली, याचा पुरावा या हौशी छायाचित्रांतूनच मिळू शकला असता. पण तारीख नाही, दिशा नाही, आणि रंग इतके चढवलेले की वीट कोणती अन् संध्याकाळ कोणती हे कळू नये. शेकडो छायाचित्रे असूनही नोंद एकही नाही. पुण्यातल्या पाडलेल्या वाड्यांच्या छायाचित्रांचीही हीच गत आहे; दरवाजा दिसतो, पेठ कळत नाही.

आमची मागणी मोठी नाही. ठिकाणाचे नाव तालुक्यासह लिहावे. तारीख लिहावी. धरण असेल तर त्या दिवशीचा साठा लिहावा. तो सहज कळतो. होडीवाल्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर, त्याचे नाव लिहावे, आणि त्याच्या वडिलांचे गाव आता कोठे आहे तेही विचारावे. पाच ओळींचे काम आहे. त्याने छायाचित्राचे सौंदर्य उणे होत असेल, तर ते सौंदर्य मुळात अज्ञानावर उभे होते, असे म्हणावे लागेल. आणि होडीवाल्याने बोट दाखवून ‘आमचं घर त्या बाजूला होतं’ असे सांगितले, तर कॅमेरा क्षणभर तिकडेही वळवावा. तेथे नुसते पाणी दिसेल. तेही छायाचित्र घ्यावे, आणि त्याखाली त्याने सांगितले ते लिहावे.