पाचव्या मात्रेची साक्ष

गेल्या वर्षी सणाला गावी गेलो असता घरच्या माळ्याची आवराआवर चालली होती. भंगारवाल्यासाठी बांधून ठेवलेल्या रद्दीत, जुन्या कॅलेंडरांच्या खाली, एक चौकोनी पाकीट आमच्या दृष्टीस पडले. वर वादकांचे छायाचित्र नाही, केवळ रंगांचे अमूर्त चित्र. 'टाइम आऊट', डेव्ह ब्रूबेक आणि त्यांचे तीन साथीदार, १९५९. बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी परदेशातून आणलेली ही जाझची तबकडी म्हणजे आमच्या बालपणाचा ठेवा.

पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळे आता मोबाइलवर मिळते. ही अडगळ कशाला?" ओट्यावर बसलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांची हरकत वेगळी होती. "फादर, हे नाचघरातले संगीत. धर्मगुरूने जवळ बाळगावे, हे शोभते का?" वाचकहो, त्या दिवशी आम्ही दोघांनाही हसून टाळले. आज मात्र उत्तर देणे भाग आहे. कारण असेच बोलून आपण आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ काही भंगारात घातले आहे.

प्रथम पुतण्याचा प्रश्न. मोबाइलवर ते सूर मिळतात, हे खरे. आम्हीही ते तेथे ऐकले आहेत. पण अर्ध्यावर सोडून. तबकडी अशी मोकळीक देत नाही. एका बाजूला तीन रचना, दुसऱ्या बाजूला चार. सुई टेकली की बाजू संपेपर्यंत बसावे आणि मग उठून ती उलटावी. एका स्नेह्याकडून रेकॉर्ड प्लेअर मागून आणला आणि चाळीसहून अधिक वर्षांनी ती लावली. चरचर पुष्कळ होती. तरीही 'टेक फाइव्ह' सुरू होताच आमची बोटे आपसूक मांडीवर मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. नऊ-दहा वर्षांचे असताना आम्ही असेच मोजत असू. वरातीच्या बँडच्या आणि चर्चमधील गीतांच्या तीन-चार मात्रांना सरावलेला कान पाचव्या मात्रेपाशी अडखळे, आणि त्या अडखळण्यातच आनंद होता. अशा विषम मात्रा आपल्याला परक्या नव्हेत. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा या मातीतल्याच. ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले होते. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला नऊ मात्रांचा ताल या तबकडीच्या आरंभी आहे.

बालपणी जे ध्यानात आले नव्हते, ते या वेळी आले. जो मोरेलो यांचे ड्रमवादन रंगात येते तेव्हा वाद्यवृंदाचा नायक काय करतो? ब्रूबेक पियानोवर तेच दोन स्वरसमूह पुनःपुन्हा वाजवीत राहतात. स्वतः मागे राहून ते साथीदाराला मोकळे रान देतात. तबकडीबाहेरही ते तसेच वागले. बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय म्हणून १९६० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील महाविद्यालयांनी त्यांच्या जागी गोरा वादक मागितला. ब्रूबेक यांनी नकार दिला आणि त्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम गमावले. गायकवृंदाला खिळवून बोलणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना यातून काहीच घेण्याजोगे नाही काय?

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. त्यांची शंका निराधार नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि ड्रमसारखी वाद्ये वर्ज्य केली होती. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेत इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. अधिकाऱ्यांची संमती हवी, आणि वाद्य पवित्र कार्याला साजेसे असावे वा तसे करता यावे, एवढीच अट. खुद्द ब्रूबेक यांनी पुढे मिस्सेसाठी संगीत रचले. त्यात प्रभूची प्रार्थना राहून गेली होती. तिचे सूर आपल्याला स्वप्नात सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. १९८० साली ते कॅथोलिक झाले.

आणि नाचघराचे म्हणाल तर, तेथे वाजवणारे हात कोठे तयार झाले? गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली मुले मुंबईच्या हॉटेलांतील जाझ बँडमध्ये गेली आणि तेथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत. हळदोण्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांतलेच, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ज्या संगीताला आपण नाक मुरडतो, त्याची बाराखडी चर्चच्या सावलीत गिरवली गेली आहे.

मग चुकले कोण? आम्हीच. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, एका धर्मग्रामात, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा एक तरुण आमच्याकडे आला. सणाच्या मिस्सेत वाजवू द्या, एवढीच त्याची विनंती. "हे वाद्य वरातीचे, वेदीजवळ नको," असे आम्ही त्याला सांगितले. तो काही न बोलता निघून गेला आणि गायकवृंदात पुन्हा दिसला नाही. पुढे तेथे कीबोर्ड आला. बटण दाबले की ढोलक, दुसरे दाबले की तबला. वरातीचे वाद्य नको म्हणणाऱ्या आम्हांला वरातीचाच ठेका यंत्रातून चालला! तो ठेका कुणासाठी थांबत नाही. मागच्या बाकावरील म्हातारीचा श्वास अपुरा पडला तरी तो पुढे निघून जातो, कारण त्याला ती ऐकूच येत नाही. त्या तबकडीवरचे चौघे एकमेकांना ऐकत वाजवतात, म्हणून पाच मात्रा सांभाळल्या जातात.

मिस्सेत जाझ वाजवावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वाद्याची पारख त्याच्या मागील नात्यावरून नव्हे, वाजवणाऱ्याच्या हातावरून करावी. धर्मग्रामात एकही जिवंत हात उपलब्ध असेल तर ताल यंत्राकडे सोपवू नये. आणि घरातील तबकड्या भंगारात देण्यापूर्वी एक बाजू तरी शेवटपर्यंत ऐकावी, एवढेच मागणे आहे. त्या तरुणाचे वय आता पन्नाशीकडे झुकले असेल. त्याचा पत्ता मिळवून आम्ही क्षमेचे पत्र धाडले आहे आणि येत्या सणाला सॅक्सोफोन घेऊन येण्याची विनंती केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. गायकवृंदात त्याची खुर्ची मात्र आम्ही आतापासूनच मांडून ठेवली आहे.