बागेतलं शहाणपण मेडिकलवर कुठे जातं?

परवा मेडिकलवर उभा होतो. ओळखीचे एक काका आले. "सर्दी-ताप आहे रे, ती मागच्या वेळची तीन गोळ्यांची पट्टी दे." मिळाली. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. पट्टी अझिथ्रोमायसिनची होती, म्हणजे अँटिबायोटिक.

याच काकांच्या केळीवर सीएमव्ही आला तेव्हा मी बातमीसाठी बागेत गेलो होतो. पिवळे पट्टे पडलेली रोपं ते उपटून जाळत होते. विचारलं, फवारणी का नाही करत? म्हणाले, "भाऊ, व्हायरसवर औषध नसतं. फवारणी माव्यासाठी, तो रोग पसरवतो म्हणून. लागलेलं रोप उपटावंच लागतं."

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे पाठ आहे. मग बागेतलं हे शहाणपण स्वतःच्या तापाला का लागू होत नाही?

व्हायरस म्हणजे काय, तर डीएनए किंवा आरएनएचा धागा आणि त्याभोवती प्रथिनाचं कवच. काहींवर चरबीचा पातळ थर. बस्स. पेशीच नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, एकटा वाढत नाही. १९३५ साली वेंडेल स्टॅनले या अमेरिकी शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानावरच्या व्हायरसचे चक्क स्फटिक करून दाखवले, आणि त्यातूनही पानाला रोग झालाच! आपल्या पेशीत घुसायचं आणि तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या हजारो प्रती काढायच्या, एवढाच त्याचा धंदा.

बॅक्टेरिया वेगळा. ती पूर्ण जिवंत पेशी. तिला स्वतःची भिंत, स्वतःचा प्रथिनांचा कारखाना. अमॉक्सिसिलिन ती भिंत बांधू देत नाही, अझिथ्रोमायसिन तो कारखाना बंद पाडतं. व्हायरसला ना भिंत, ना कारखाना. मग गोळी मारणार कोणाला?

"पण मला तर गुण येतो!" येणारच. साधी सर्दी बहुतेक वेळा आठवड्यात आपोआप जाते. श्रेय गोळी घेते.

गोळी वाया गेली एवढंच असतं तर लिहिलं नसतं. पण ती पोटातले उपयोगी बॅक्टेरिया मारते आणि जे तगतात त्यांना वाढायला रान मोकळं करते. एकच कीटकनाशक सारखं मारलं की कीड दाद देत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथेही तेच. उद्या न्यूमोनिया झाला, ऑपरेशनची जखम चिघळली, तर हीच औषधं चालणार नाहीत.

अँटिबायोटिक वाईट नाही. व्हायरलनंतर कधी बॅक्टेरियाचा संसर्ग होतो, तेव्हा ते लागतंच. काही व्हायरसवर वेगळी औषधंही आहेत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ताप उतरत नसेल, दम लागत असेल तर दवाखाना गाठाच.

पट्टीवरची लाल रेघ शोभेची नाही. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती सांगते. मेडिकलवाल्यांनी पाळावं, अन्न व औषध प्रशासनाने तपासावं, डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावून सांगावं. आणि आपण एवढंच विचारावं, "साहेब, हे व्हायरल आहे ना? मग अँटिबायोटिक कशासाठी?"

तुमच्या घरात अशी अर्धी उरलेली पट्टी आहे का? खरं सांगा. माझ्या घरात होती.