संगणक सुरू होईना, म्हणून तो पुसून टाकावा काय?

भोसरी-चिंचवडकडील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारची सुटी असते, आणि विजेच्या दुरुस्तीचीं कामें बहुधा त्याच वारीं निघतात. शुक्रवारीं सकाळीं कळ दाबावी आणि यंत्राजवळचा जुना संगणक जागाच होऊं नये, हा अनुभव आमच्या पालकवर्गांतील अनेकांस नवा नसेल. दुरुस्ती करणारा येतो, काळ्या पडद्यावरील दोन ओळी पाहतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." या एका वाक्याविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचें आहे.

फॉरमॅट मारणें म्हणजे तबकडी पुसून पाटी कोरी करणें. घरच्या संगणकांतून त्यामुळें लग्नामुंजींचीं छायाचित्रें जातात. कारखान्यांत त्याहून मोलाचें जातें. चाकणच्या मोटार-कारखान्यांस सुटे भाग पुरविणाऱ्या लहानशा शेडमध्यें एखादें सी.एन.सी. यंत्र असतें. त्याच्या संगणकांत कामाचे प्रोग्रॅम, हत्यारांचीं मापें आणि कोणा अनुभवी कारागिरानें हळूहळू बसविलेले बारीकसारीक फरक सांठलेले असतात. त्यांची नक्कल पुष्कळदां कोठेंच नसते, आणि तो कारागीर तर निवृत्त होऊन गांवीं गेलेला असतो. पुसल्यावर यंत्र सुरू होतें खरें. पण तें आपलें काम विसरलेलें असतें. आणि हें सर्व कशासाठीं? कित्येकदां एका चिमुकल्या फाईलींतील एका चुकीच्या आंकड्यासाठीं!

ही फाईल कोणती, तें विद्यार्थी मित्रांनीं नीट समजून घ्यावें. कळ दाबतांच संगणकास आपली कार्यप्रणाली कोठें आहे हें ठाऊक नसतें. प्रथम बायोस नांवाचा त्याच्या पोटांतील एक लहान प्रोग्रॅम जागा होतो व तबकडीच्या आरंभींचा ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. तेथून धागा लागत लागत, विंडोज एक्सपी असलेल्या संगणकांत, एनटीएलडीआर या फाईलीपर्यंत पोंचतो. आणि ती 'बूट डॉट आयएनआय' नांवाची फाईल उघडून पाहते. हिच्यांत गूढ असें कांहीं नाहीं. साधा मजकूर, अवघ्या थोड्या ओळी. वरच्या भागांत किती सेकंद थांबावें (बहुधा ३०) आणि न सांगतां कोणती प्रणाली सुरू करावी. खालच्या भागांत त्या प्रणालीचा पत्ता, म्हणजे कितवी तबकडी व तिचा कितवा भाग. गंमत अशी कीं, तबकड्या शून्यापासून मोजावयाच्या आणि भाग एकापासून. ज्यानें ही विषम मोजणी ठरविली, त्यास आमच्या गणिताच्या गुरुजींनीं खचित बाकावर उभें केलें असतें.

तबकडीचे भाग कोणी नव्यानें पाडले अथवा काढून टाकले, कीं हा आंकडा चुकण्याचा संभव असतो. मग पडद्यावर संदेश येतो कीं, 'एचएएल डॉट डीएलएल' ही फाईल हरवली आहे किंवा बिघडली आहे. वस्तुतः ती बिचारी आपल्या जागीं स्वस्थ बसलेली असूं शकते. आकुर्डीचें पत्र देहूरोडला नेऊन 'या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं' असा शेरा मारणाऱ्या टपालवाल्यासारखा हा प्रकार आहे. अशा वेळीं घर पाडावयाचें नसतें, पत्ता दुरुस्त करावयाचा असतो.

त्याची रीतही अवघड नाहीं. एक्सपीची मूळ सीडी घालून संगणक सुरू करावा, पहिल्या पडद्यावर आर हें अक्षर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्यें जावें, जुनी फाईल दुसऱ्या नांवानें बाजूस ठेवावी, आणि मग बूटसीएफजी या आज्ञेस रीबिल्डची जोड द्यावी. ती आज्ञा तबकडी धुंडाळून विंडोज कोठें आहे तें शोधते आणि नवी यादी लिहिते. मात्र तबकडीच जर टकटक आवाज करीत असेल तर तिच्यावर एक अक्षरही नवें लिहूं नये. आधीं आंतील माहिती जाणत्याकडून बाहेर काढवावी.

कोणी म्हणतील, एक्सपीचें आतां काय? तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाली, हें खरें. परंतु संगणक जुना झाला म्हणून लाखों रुपयांचें यंत्र कोणी भंगारांत घालीत नाहीं. २००७ सालच्या व्हिस्टापासून ही माहिती साध्या मजकुरांत राहिली नाहीं. तिच्यासाठीं बीसीडीएडिट व बूटरेक हीं साधनें आहेत. लिनक्समध्यें 'एफएसटॅब'ची एक ओळ चुकली तरी आरंभ अडतो. नांवें बदललीं, रोग तोच.

१९ जुलै २०२४ रोजीं जगानें याचा मोठा धडा पाहिला. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रोग्रॅमच्या एका सदोष फाईलीनें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक आरंभींच कोलमडले. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्यें शिरून ती एक फाईल काढणें. कोणी ८५ लाख तबकड्या पुसल्या नाहींत. जेथें तबकडीस कुलूप होतें, तेथें ४८ आंकड्यांची किल्ली ज्यानें लिहून ठेविली होती त्याचें काम लवकर झालें.

दुरुस्ती करणारा लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास मोल संगणकामागें मिळतें. पुसणें निश्चित असतें, वाचणें अनिश्चित. तेव्हां पालकांनीं त्यास स्पष्ट सांगावें कीं, आधीं फाईल वाचून पाहा, त्या वेळेचेही पैसे देऊं. आणि मुलानें हात लावल्यास बिघडेल ही त्यांची भीति रास्त असली, तरी अडगळींतील जुन्या संगणकास ती लागू नाहीं. त्यावर मुद्दाम आंकडा चुकवावा, संदेश वाचावा, पुन्हां सुधारावा. येत्या एखाद्या गुरुवारीं, वडील घरीं असतां, पितापुत्रांनीं अथवा पितापुत्रींनीं मिळून हा प्रयोग करावा. आणि त्याच बैठकींत कारखान्याच्या संगणकाची नक्कल कोणत्या तबकडीवर, कोणत्या कपाटांत ठेवावयाची, तेंही ठरवून टाकावें.