रूळही त्यांचे, दरही त्यांचेच



मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे वांगणी नावाचे स्टेशन आहे. दुसरी वांगणी पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात. या दोन्ही तालुक्यांत आजही एक फूट रूळ नाही. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी जुनी, निर्णय दिल्लीचा. तिथला नागली-वरईवाला घाटातून टेम्पोचे भाडे भरतो. आपण कापूस-ज्वारीवाल्यांनी त्याची कीव करण्याचे कारण नाही. आपल्याकडे रूळ आहेत, पण आपला माल त्यांवर चढतो कुठे?

शकुंतला आठवा. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणायचा आणि मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडायचा, यासाठी किलिक निक्सनच्या कंपनीने यवतमाळ आणि अचलपूरच्या अरुंद लाइनी टाकल्या. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारची झाली, ही लाइन कंपनीचीच राहिली; गाडी मात्र सरकारी रेल्वेने चालवली. 1994 पर्यंत वाफेचे इंजिन होते, मग डिझेल आले, आता गाडीच बंद आहे. मालक खाजगी होता म्हणून कापूसवाल्याचे कोटकल्याण झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्या रुळांवरही दुसरा कोणी नव्हताच.

आता कायदा पाहू. इंग्रजांचा 1890 चा कायदा जाऊन 1989 चा रेल्वे कायदा आला, 1 जुलै 1990 पासून लागू झाला. सरकारेतर रेल्वे असू शकते, हे त्याला मान्य आहे. पण कलम 30 प्रमाणे भाडे ठरवणार केंद्र सरकार, आणि देशातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या चालवणारेही तेच. एकाला झुकते माप देऊ नये, असे कलम 70 सांगते. तक्रारीसाठी दर न्यायाधिकरणही ठेवले. मात्र मालाची वर्गवारी, पार्सलचे भाडे, डॅमरेज या गोष्टी कलम 37 ने त्याच्या कक्षेबाहेर काढल्या. दहा-वीस पोती पाठवणाऱ्याचा संबंध येतो तो पार्सलशीच! बाकी रेल्वे ओळखते ती वाघिणींची अख्खी गाडी भरणाऱ्याला. 2017 मध्ये हे न्यायाधिकरणही दावा न्यायाधिकरणात विलीन केले. 2025 च्या दुरुस्तीने रेल्वे बोर्डाचा 1905 चा कायदा मुख्य कायद्यात घातला. दर ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा तेव्हाही दिली नाही.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. कापूस एकाधिकार खरेदीत व्यापारी सरकार, भाव ठरवणारे सरकार, आणि राज्याच्या हद्दीपलीकडे कापूस नेला तर गुन्हेगार आपण. कुंपणच शेत खाते ते असे.

स्पर्धा आणल्याचे सांगतात. 2006 पासून खाजगी कंपन्यांना कंटेनर गाड्या चालवता येतात. पण रूळ, इंजिन आणि ओढण्याचा दर रेल्वेचा. समोरचा स्पर्धक कॉन्कॉर, तोही रेल्वे मंत्रालयाखालचा. यावर तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली. आम्ही सरकारचे खाते, आयोगाचा संबंध काय, असे रेल्वेचे म्हणणे होते. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मानले नाही. धंदा करता तर स्पर्धा कायदा तुम्हालाही लागू, असे ठरवले. पुढे आयोगाने ती तक्रार फेटाळली, पण दार उघडले ते उघडलेच. कोळशाच्या प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारी कंपन्यांना सूट नाही, असे सांगितले.

तेव्हा रेल्वे विका किंवा विकू नका, हा आजचा वाद नव्हे. भाडे ठरवणारा आणि भाडे घेणारा एक असता कामा नये, एवढे आधी झाले पाहिजे. जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवत आहोत. दर ठरवणारे प्राधिकरण मंत्रालयाबाहेर, संसदेच्या कायद्याने नेमावे, आणि पार्सल व वर्गवारीची तक्रार त्याच्यापुढे चालावी. दुसरे, शेतकऱ्यांच्या गटाने मागितल्यास चार-दोन वाघिणीही मिळाव्यात. अख्ख्या गाडीची अट नको.

बैठकीला येताना आपल्या जवळच्या स्टेशनचा मालधक्का चालू आहे की बंद, आणि बंद असल्यास कोणत्या वर्षापासून, हे विचारून या.