गाडी आमची, दुरुस्तीही आमचीच

आम्ही जुन्या मर्सिडीजचे मालक आहोत. कुणाकडे १२३ मालिकेची गाडी आहे, कुणाकडे १२४ ची, कुणाकडे २००२ नंतरची २११. कुणी वडिलांची गाडी मोडीत काढू दिली नाही, कुणी नव्या छोट्या गाडीच्या पैशात जुनी ई-क्लास घेतली. या गाड्या यापुढे आम्ही स्वतः उघडू, स्वतः दुरुस्त करू आणि त्यातून जे शिकू ते सगळ्यांसाठी खुलं ठेवू, हे आम्ही आज जाहीर करतो.

ही सुरुवात पुण्यातून होते आहे, आणि ते योग्यच आहे. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात १२४ ची जोडणी सुरू झाली. भारतात जोडलेली मर्सिडीजची ती पहिली कार. चाकणचा कारखाना २००९ चा, म्हणजे बराच नंतरचा. ज्या गावात ही गाडी नटबोल्ट आवळून उभी राहिली, त्याच गावात ‘आता हिचं काम कुणी करत नाही’ असं ऐकून ती भंगारात निघावी, हे आम्हाला मान्य नाही.

या गाड्या लोखंड थकल्यामुळे मरत नाहीत. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४०डी ४६ लाख किलोमीटर धावली आणि २००४ मध्ये थेट कंपनीच्या संग्रहालयात गेली. ती आपोआप धावली नाही. वेळोवेळी इंजिन उतरवून, नीट करून, पुन्हा बसवून त्याने ती चालवली. आपल्याकडे तिच्या पिढीतल्या गाड्या सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बसल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींचं दुखणं किरकोळ आहे. निदान चुकलं, एकामागून एक पार्ट बदलले गेले, बिल गाडीच्या किमतीच्या वर गेलं आणि मालकाने हात टेकले. पार्टपेक्षा चुकीचं निदान महाग पडतं, आणि ते टाळण्याची ताकद मालकाच्याच हातात आहे.

१२३ च्या डिझेलचं उदाहरण घ्या. चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. मालक घाबरतो, बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबून इंजिन थांबवतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो. तिथे डिझेल पंप उतरवायची भाषा सुरू होते. खरं तर हे इंजिन व्हॅक्युमने बंद होतं. चावी फिरवली की बारीक नळीतून पंपावरच्या डबीला व्हॅक्युम मिळतो आणि डिझेल तुटतं. त्याच व्हॅक्युमवर दारांची सेंट्रल लॉकिंगही चालते. म्हणून मागच्या दाराच्या आत एखादा रबरी पडदा फाटला, तरी पुढे इंजिन बंद होईनासं होतं. परीक्षा सोपी आहे. लॉकिंगकडे जाणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा. आता चावीने इंजिन थांबलं, तर पंपाला हात लावायचं कारण नाही. दोष दारात किंवा डिकीच्या कुलुपात आहे. मग हाताने चालणारा छोटा व्हॅक्युम पंप घेऊन एकेका दाराची नळी तपासत जा. काटा ज्या दारावर टिकत नाही, त्याच दाराचं पॅड उघडा. एवढ्या कामाला इंजिनिअर असावं लागत नाही. गाडीत कशाचा कशाशी संबंध आहे, हे माहीत असावं लागतं.

एअर सस्पेन्शनचंही तेच. १९९८ नंतरच्या एस-क्लासमध्ये आणि काही २११ मध्ये स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. पिशवीला वयाने बारीक चीर पडलेली असते. गळलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. स्कॅनरवर कॉम्प्रेसरचा दोष येतो, नवा कॉम्प्रेसर बसतो, आणि चीर तशीच राहिल्याने तोही जळतो. बाटलीतलं साबणाचं पाणी पिशवीवर आणि जोडांवर फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात. ज्याला हे कळलं, त्याचा दुसरा कॉम्प्रेसर वाचला.

१९९२ ते १९९५ च्या आसपासच्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगबद्दल प्रत्येक नव्या सभासदाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगू. त्या काळच्या वायरचं आवरण इंजिनच्या उष्णतेने कडक होतं आणि बोटाने वाकवलं की चुरा होऊन पडतं. गाडी मिसिंग मारत असेल, आयडलला थरथरत असेल, तर कॉइल आणि कॉम्प्युटर बदलण्याआधी ती वायर पाहा.

हौस म्हणून कुठेही हात घालायला मात्र आमचा ठाम विरोध आहे. २११ च्या सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेक विजेवर चालणाऱ्या पंपाने दाबले जातात. गाडी अनलॉक केली किंवा दार उघडलं, की ही यंत्रणा जागी होऊन दाब देते. ती स्कॅनरने निष्क्रिय न करता पॅड बदलायला कॅलिपरमध्ये बोटं घातली, तर बोटं चिरडू शकतात. म्हणून शिकल्याशिवाय आणि शेजारी जाणकार असल्याशिवाय आमच्यातलं कुणी ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग उघडणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाणार नाही. खाली स्टँड हवाच. चाकाचे बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने आवळायचे. काढलेलं ऑइल गटारात जाणार नाही.

आमची चळवळ मिस्त्रींच्या विरोधात आहे असा समज कुणी करून घेऊ नये. लेथवर बुश बसवून देणारे, नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे उस्ताद नसते, तर यातली एकही गाडी आज रस्त्यावर नसती. नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले, कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे पार्ट सोडवून देणारे, जुन्या बाजारात पाने-पक्कड विकणारे हे सगळे आमचेच लोक आहेत. अवघड काम त्यांच्याकडेच जाईल, पूर्ण मजुरीही दिली जाईल. आम्हाला एवढंच हवं आहे की मालक त्यांच्यासमोर चावी टाकून निघून जाणारा गिऱ्हाईक नसावा. दोष कुठे आहे हे सांगू शकणारा आणि शेजारी बसून शिकणारा असावा. त्यांच्या हातातलं ज्ञान कागदावर उतरलं नाही, तर ते त्यांच्याबरोबर संपेल. ते त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या नावाने उतरवून ठेवणं आम्ही आमचं काम मानतो.

कंपन्यांकडे आमचं मागणं स्पष्ट आहे. सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे, पार्ट नंबर आणि निदानाची साधनं ज्याने गाडी विकत घेतली त्याला आणि त्याच्या मिस्त्रीला रास्त दरात मिळाली पाहिजेत. ही भीक नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आमची तक्रार काल्पनिक नाही, हे त्या आदेशाने नोंदवलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात वाहनांचा समावेश केला. समितीच्या कामातून कायदा व्हावा, यासाठी आम्ही पाठपुरावा करत राहू.

सरकारकडे दुसरी मागणी वयाबद्दल. ५० वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून मान दिला. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण मात्र १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटीने महाग झालं. मधली पस्तीस वर्षं गाडीने काय करायचं? गाडीचा धूर मोजा, ब्रेक तपासा, चेसिसखाली वाकून गंज पाहा, आणि नापास झाली तर बेशक थांबवा. पण जिचा धूर आणि ब्रेक चोख आहेत, तिला फक्त जन्मतारखेवरून दोषी ठरवू नका. जपून वापरलेली वस्तू टाकून नवी बनवण्यात जे लोखंड, जी वीज, जे पाणी जातं, त्याचाही हिशेब मांडा.

चळवळीत यायला मर्सिडीज असायलाच हवी असं नाही. आयटीआयमधल्या मुलामुलींना आमच्या गाड्या शिकण्यासाठी खुल्या आहेत, आणि पान्याला हात लावायला घाबरणाऱ्या कुणालाही. वर्गणी पैशात नसेल. प्रत्येकाने आपल्या गाडीवर केलेलं काम फोटोसह, पार्ट नंबरसह, लागलेल्या खर्चासह मराठीत लिहून द्यायचं, आणि फसलेलं कामही लपवायचं नाही. टॉर्क पाना, स्प्रिंग दाबायचं हत्यार, व्हॅक्युम पंप, स्कॅनर अशी महागडी साधनं सामाईक राहतील. ज्याला लागतील त्याने नेऊन वेळेत परत आणायची.

पहिलं काम ठरलं आहे. १२४ चा वायरिंग आणि व्हॅक्युमचा नकाशा एकेक नळी, एकेक वायर प्रत्यक्ष गाडीवर तपासून मराठीत काढायचा आणि पुण्यातल्या जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावायला फुकट द्यायचा. ज्यांच्याकडे उभी असलेली १२४ आहे, त्यांनी ती मोजमापासाठी घेऊन यावी. चालत नसेल तर आम्ही ओढून आणू.